अण्णासाठी केलेली आकारांची कार्डं

पहिल्या कार्डावर मी एक टिंब काढलं आणि खाली लिहिलं, बिंदू. दुसऱ्यावर रेषा, तिसऱ्यावर रेषाखंड, चौथ्यावर एका बाजूला बाण असलेला किरण. मग कोन, त्यातही काटकोन, लघुकोन, विशालकोन वेगवेगळे. त्रिकोण, चौरस, आयत, वर्तुळ. वर्तुळाची त्रिज्या, वर्तुळाचा व्यास. एकूण चोवीस कार्डं झाली. जाड पांढरा कागद तळहाताएवढा कापला, वर्तुळं कंपासने काढली, कोन कोनमापक लावून. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हाताने काढलेलं वेडंवाकडं वर्तुळ चालत नाही.

ही कार्डं मुलांसाठी नव्हती, माझ्या थोरल्या भावासाठी होती. पोंगल होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, अण्णा सकाळी कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेला, हातात घेऊन बसला आणि तो हातातून सुटला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा पाय ओढत का होईना तो चालायला लागला होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. काय म्हणायचं ते त्याला कळत होतं, डोळ्यांत दिसत होतं, आणि तोंडाशी येऊन अडत होतं. ते बघणं फार वाईट होतं.

वाचा सुधारायला शिकवणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा घरी यायची. तमिळ मुलगी, शांत, हसरी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे, यायचे ते शब्द बहुतेक तेव्हाच येतात, पुढे वेग मंदावतो. लहानपणी घरात जी भाषा ऐकली तिच्यापासून सुरुवात करा म्हणाली. घरात तो वापरायचा तेच साधे शब्द घ्या, त्याच्यासमोर बोलत राहा, परीक्षा घेऊ नका. हे सगळं तिने एका कागदावर तमिळमध्ये लिहूनही दिलं. तो कागद मी वाचला नाही असं नाही. दोनदा वाचला.

आमच्या घरची भाषा मराठी. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्ल्यांमधून आमच्यासारखी थोडी घरं अजून आहेत. बाहेर तमिळ, शाळेत तमिळ, कचेरीत तमिळ आणि इंग्रजी, आणि उंबऱ्याच्या आत आलं की मराठी, तीही अर्धी तमिळ शब्दांनी भरलेली. आमच्यापैकी फार थोड्यांना देवनागरी वाचता येते. अण्णाला येत नाही. मलाही पन्नाशीपर्यंत येत नव्हती.

ती मी शिकले त्याला एक कारण घडलं. पुण्याला लांबच्या नात्यात लग्न होतं. मी हौसेने गेले, चार दिवस राहिले, तोंड भरून मराठी बोलले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी बोलायला लागले की बायका जमतात. मी रांगोळी बघून काहीतरी म्हणाले, तर एकजण दुसरीला बोलावून म्हणाली, ह्यांना परत म्हणायला सांग, किती गोड बोलतात. मी परत म्हटलं. सगळ्या हसल्या, त्यात खोट नव्हती, लाडाने हसल्या. बोबड्या पोराला हसतात तशा. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस होतं आणि पन्नास मुलांचा वर्ग माझ्या नुसत्या बघण्याने गप्प होत असे. परतीच्या गाडीत मी ठरवलं की आता खरी मराठी शिकायची. प्राथमिक शाळेची मराठी पुस्तकं मागवली, त्यात गणिताचीही, कारण गणित मला येत होतं, तेव्हा शब्द आपोआप लागतील. तसंच झालं. बिंदू, रेषा, कोन करत करत मी वाचायला शिकले. आज लिहितेसुद्धा. हेही मी त्याच मराठीत लिहिते आहे.

तर अण्णासाठी शब्द कुठले घ्यायचे असा प्रश्न आला तेव्हा मला आकार सुचले यात नवल नाही. मी जन्मभर आठ वर्षांच्या पोरांना आकार शिकवले. आणि अण्णाने जन्मभर आकार मोजले. तो सरकारी सर्व्हेअर होता, ओरत्तनाडुकडच्या गावांतून सायकलने आणि पुढे मोपेडने कालव्याच्या बांधाबांधाने फिरायचा. शेत कसंही वाकडं असो, आधी त्यातून एक सरळ रेघ टाकायची, त्या रेघेपासून एकेका कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतर मोजत जायचं, की शेताचे तीनकोनी-चौकोनी तुकडे पडतात आणि हिशेब सोपा होतो, हे त्याने मला मी सातवीत असताना चटईवर तांदूळ पसरून दाखवलं होतं. माझ्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचं मूळ तिथे आहे. मी मास्तरीण झाले ती अण्णामुळे.

पण शब्द मी अण्णाचे घेतले नाहीत. आमच्या घरात वर्तुळाला वट्टं म्हणतात, ते तमिळवरून आलेलं. त्रिकोणाला तीनकोनी. चौरसाला चौक, आयताला लांब चौक. रेषेला रेघ. गवंडी ज्याने काटकोन तपासतो त्या गुण्याला तमिळमध्ये मूलैमट्टम म्हणतात आणि काटकोनाला अण्णा तेच म्हणायचा. हे सगळे शब्द मला ठाऊक होते, मीही तेच बोलत वाढले. कार्डं करायला बसले तेव्हा ते माझ्या मनात आले आणि मी ते बाजूला सारले. मला वाटलं, नाहीतरी पाटी कोरी झालीच आहे, तर आता तिच्यावर शुद्ध लिहू.

हा विचार मी केला. भावाची वाचा गेली होती आणि त्यात मला संधी दिसली. आज हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं नाही तर बाकी काहीच लिहिण्यात अर्थ नाही.

कार्डांखालची अक्षरंही मी देवनागरीत लिहिली. ज्याला देवनागरीचं एक अक्षर येत नाही अशा माणसासाठी. अण्णाच्या सुनेने, ती तमिळ घरातली, एकदा हळूच विचारलं की हे मामांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, वाचता येईल का. मी म्हटलं, चित्र आहे ना वर. मीही त्याच घरात राहते आणि तिथे माझ्यापुढे कोणी फारसं बोलत नसे.

रोज सकाळी नऊ वाजता, कॉफी आणि औषधं झाली की मी अण्णासमोर खुर्ची घेऊन बसायची. मांडीवर कार्डं, हातात लाल पेन्सिल. शेजारी वही, वहीत तारीख. एक कार्ड उचलायचं, शब्द तीनदा म्हणायचा, मग त्याने म्हणायचा. वर्तुळ. वर्तुळ. वर्तुळ. म्हण आता. तो माझ्या ओठांकडे बघायचा. कपाळावर घाम यायचा. व निघायचा, पुढे जीभ वळायची नाही. कधी व च्या पुढे दुसरंच काही यायला लागायचं आणि मी लगेच म्हणायची, नाही, तसं नाही, वर्तुळ. आता कळतं की ते दुसरं काय होतं. तेव्हा मी त्याच्या पुढे वहीत लाल फुली मारायची.

फुली त्याला दिसायची. डोळ्यांना काही झालं नव्हतं.

महिना गेला, दोन महिने गेले. माझी वही फुल्यांनी भरत चालली. वाचा शिकवणारी मुलगी यायची तेव्हा मी तिला वही दाखवायची. ती म्हणायची, थोडा आराम द्या, गप्पा मारा नुसत्या. तिचं वय पंचवीसच्या आसपास. मी मनात म्हणायची, शिकवणं काय असतं ते तू मला सांगू नकोस बाई. मी तशी हेकट, सगळं तंजावर सांगेल. वर्गात ज्या पोराला काही येत नाही त्याला मी सोडत नसे. येईपर्यंत बसवून ठेवायची. पुष्कळांना आलंही. आज बाजारात भेटले की पाया पडतात.

एका सकाळी अण्णाने कार्ड हातात घेतलं आणि डाव्या हाताने उलटं करून गादीवर ठेवलं. मी ते सुलटं केलं. त्याने पुन्हा उलटं केलं. मला राग आला. उन्हाळा लागला होता, वीज गेलेली होती, आदल्या रात्री झोप नव्हती, ही सगळी कारणं आहेत, पण राग आला तो त्यांच्यामुळे नव्हे. इतक्या खटपटीचा माझा धडा त्याने नाकारला म्हणून आला.

"तिसरीतल्या पोरांस येतं हे, अण्णा," मी म्हणाले. "तुज कस येईना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू, उजवा पाय हाताने उचलून, भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला. त्या दिवसापासून तो माझ्यासमोर तोंड उघडेना. कार्ड दाखवलं की डोळे मिटून घ्यायचा. मी वहीत लिहिलं, प्रतिसाद नाही. पुढच्या आठवड्यात वाचा शिकवणारी मुलगी आली, त्याला तपासून बघितलं, आणि बाहेर येऊन तिने मला सांगितलं की अशी माणसं कधी कधी प्रयत्नच सोडून देतात, ते होऊ द्यायचं नाही. मी मान हलवली. माझ्यामुळे हे झालं असेल असं त्या क्षणी माझ्या स्वप्नातही नव्हतं.

घरात अण्णाची नात होती, आठ वर्षांची, तिसरीतली. तिची आई तिच्याशी तमिळ बोलते, शाळा इंग्रजी, आणि आमची मराठी तिला सगळी समजते, पण बोलताना चार शब्दांत दोन तमिळ येतात. आजोबा आजारी पडल्यापासून मी तिला त्याच्या खोलीत फार थांबू देत नसे. गडबड नको म्हणून.

अशाच एका दुपारी मी स्वयंपाकघरात पडवळ चिरत होते. शाळेने तिला घरचा अभ्यास दिला होता की प्रत्येक आकाराच्या वस्तू घरात शोधा आणि त्यांची चित्रं काढा. ती घरभर फिरून गोळा करत होती, हे मला आवाजावरून कळत होतं. कपाट उघडलं, डबा पडला, फळीवरून काही ओढलं. मग ती अण्णाच्या खोलीत गेली. मी उठून तिला बाहेर बोलावणार होते, पण पुढ्यात विळी होती, म्हटलं एवढं संपवू.

"आजोबा, हे?" तिने विचारलं.

मग अण्णाचा आवाज आला. घोगरा, ओला, पण त्याचाच.

"वट्टं."

माझा हात थांबला. ती म्हणाली, सरी, बरोबर, आणि हे? खोलीत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. तीनकोनी, अण्णा म्हणाला. मधला न नीट आला नाही, पण तीनकोनी म्हणाला. मग चौक. मग रेघ. तिने बहुधा वहीचा कोपरा त्याच्यापुढे धरला, कारण तो जरा अडखळला आणि मग म्हणाला, "मूलैमट्टम." एवढा मोठा शब्द. कचेरी सुटून वीस वर्षं झाली असतील. ती हसली आणि म्हणाली की हे मला टीचरने सांगितलंच नाही. तोही हसला. त्याला हसताना मी जानेवारीपासून ऐकलं नव्हतं.

मला रडू आलं. पण ते नुसतं आनंदाचं होतं असं लिहिलं तर खोटं होईल. त्यात राग होता. दोन महिने मी मान मोडून बसले आणि हा त्या पोरीपुढे पाच मिनिटांत बोलतो, असा राग. आणि त्या रागाच्या खाली, विहिरीच्या तळाशी गाळ असावा तशी, शरम होती. कारण व च्या पुढे काय येऊ पाहत होतं ते मला आता कळलं होतं. तो रोज बरोबर उत्तर द्यायला लागायचा आणि मी त्याला मधेच तोडायची.

मी दारात गेले. अण्णाने मला पाहिलं आणि त्याचे ओठ मिटले. पोरीने एक काडेपेटी त्याच्यापुढे धरली होती, ती तशीच धरून राहिली. तो माझ्या हातांकडे बघत होता. हातात लाल पेन्सिल आहे का, ते.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं त्याच्या पलंगाखालच्या ट्रंकेत टाकली आणि वही फाडली. मग त्याच्यासमोर बसले आणि आमच्या भाषेत बोलायला लागले, अगदी आमच्या आईसारखं. वट्टं म्हटलं, रेघ म्हटलं. अण्णा, माझं चुकलं, मज माफ कर, असंही म्हणाले. त्याने ऐकलं. डाव्या हाताने माझा हात थोपटला. पण बोलला नाही. मी समोर असले की शब्द त्याच्या तोंडाशी येत नसे. त्याने काही ठरवून केलं असं मला वाटत नाही. माझ्या वर्गातही अशी पोरं असायची, मी जवळ गेले की हातातला खडू गळायचा. मी त्यांना भित्री म्हणायची.

वाचा शिकवणाऱ्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती मला एक शब्द बोलली नाही. म्हणाली, नात आहे ना, तिला बसू द्या. एवढंच.

मग एप्रिल आणि मे असे गेले. शाळेला सुट्टी होती. पोर सकाळ-दुपार आजोबांजवळ असायची. तिने आकारांवरून सुरुवात करून त्याला घरभर नेलं, खिडकी, दोरी, चटई, अंबटभाजी, कढीपत्ता. तिला न येणारे मराठी शब्द तो सांगायचा, त्याला न येणारे तमिळ शब्द ती. कधी चुकला तर ती खदखदून हसायची आणि तोही हसायचा, आणि तो तिला पापा, म्हणजे तमिळमध्ये बाळ, म्हणून हाक मारायला लागला. मी बाजूच्या खोलीत शेंगा सोलत बसायची आणि ऐकायची. दार अर्धं लोटलेलं असायचं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी चांगली शिकवणी ऐकली नव्हती, आणि ती ऐकायला मला दाराआड बसावं लागत होतं. तरी ते दिवस बरे होते. मला वाटलं, असंच चालू राहिलं तर पुरे, माझ्याशी नाही बोलला तरी चालेल.

जूनच्या तोंडावर अण्णाच्या मुलाची बदली कोइंबतूरला झाली. घर तिसऱ्या मजल्यावर मिळालं आणि लिफ्ट नव्हती, अण्णाला जिना चढवणं शक्य नव्हतं. दिवाळीपर्यंत तळमजल्याचं घर बघू, मग न्यायचं असं ठरलं. तोवर तो आणि मी इथे. निघताना पोर त्याच्या गळ्यात पडून रडली. तो तिला सारखं पापा, पापा म्हणत राहिला. दुसरा शब्द काही त्याला सुचेना.

घर एकदम रिकामं झालं. सकाळी मी कॉफी द्यायची, तो घ्यायचा. जेवण वाढायची, तो जेवायचा. काही हवं असलं तर बोट दाखवायचा. मी बोलायची, तो ऐकायचा. रविवारी पोरीचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा मी फोन त्याच्यापुढे उभा करून आत निघून जायची, म्हणजे तो बोलेल. पहिले काही रविवार बोललाही. मग पोरीची नवी शाळा सुरू झाली, नव्या मैत्रिणी आल्या, कॉल लहान होत गेले. वाचा शिकवणारी मुलगी म्हणाली, आता रोजचं बोलायला माणूस तुम्हीच आहात.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी त्याची गादी झाडायला गेले तर ट्रंक बाहेर ओढलेली होती आणि अण्णाच्या मांडीवर माझी कार्डं होती. एका हाताने त्याने ती कशी काढली असतील कोण जाणे. त्याने त्यांतलं एक उचललं, माझ्यासमोर धरलं, आणि सगळा जीव ओठांत आणून म्हणाला,

"वर्तुळ."

स्वच्छ. र, त, ळ, सगळं जागच्या जागी. आमच्या घराण्यात आजवर कोणी उच्चारला नसेल असा तो शब्द त्याने माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या माघारी, मी देवळात किंवा बाजारात गेले की, तो तेवढाच सराव करत असणार. किती दिवस, कुणाला ठाऊक. माझ्याशी बोलायचं तर हेच शब्द चालतात, अशी त्याची समजूत झालेली होती. मी माफी मागितली होती ती त्याला पटली नव्हती. फुल्या पटल्या होत्या.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की अण्णा, हे नको, वट्टं म्हण. पण सात महिन्यांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला होता. आणि आणखी एक गोष्ट, ती मला लपवता येत नाही. तो ळ ऐकून माझ्यातली मास्तरीण सुखावली. मी म्हटलं, शाबास. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना.

मग तो रोज एक शब्द काढू लागला. त्रिकोण. चौरस. बिंदू. मी नको नको म्हणत होते, पण माझा आनंद माझ्या तोंडावर दिसत असणार, आणि तो शब्दांपेक्षा माझं तोंडच जास्त वाचत होता. महिनाभरात चोवीसपैकी सोळा कार्डं त्याला येऊ लागली. वाचा शिकवणारी मुलगी चकित झाली. इतक्या उशिरा अशी प्रगती सहसा दिसत नाही म्हणाली. मला मात्र एक जाणवलं होतं आणि मी ते तिला सांगितलं नाही. खिडकी, दोरी, चटई हे शब्द आता तो बोलत नव्हता. माझ्या कार्डांवर ते नव्हते.

गेल्या रविवारी पोरीचा फोन आला तेव्हा अण्णाने माझा पदर धरला आणि मला आत जाऊ दिलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले. पोर उंच झालेली दिसली, दोन वेण्या घातल्या होत्या. तिने शाळेच्या डब्याचं झाकण कॅमेऱ्यापुढे धरलं आणि उन्हाळ्यातल्यासारखं विचारलं, आजोबा, हे काय?

अण्णाने फोनकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वर्तुळ," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. तिने झाकण आणखी जवळ आणलं. "वट्टं न्हवे, आजोबा?"

अण्णाने मान हलवली. नाही. ठामपणे, दोनदा. मग पुन्हा म्हणाला, वर्तुळ, आणि माझा हात दाबला.

पोरीने झाकण खाली ठेवलं. तिच्यामागे कोइंबतूरच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग तिने त्याला सोडून मला विचारलं, "आत्याआजी, आजोबा कोणच्या भाषेत बोलतात? मज काहीच कळत नाही."

अण्णा माझ्याकडे बघत होता, उत्तराची वाट पाहत.

"मराठीत," मी म्हणाले.